सॉकेट ऑप्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन मुलांचा सर्व्हर-कोड तपासायला बसलं की एक गोष्ट हमखास दिसते. सॉकेट (नेटवर्कवर बोलायचं प्रोग्रॅमचं साधन) उघडल्याच्या ओळीखाली चार-पाच सेटसॉकऑप्ट (सॉकेटचं वागणं बदलणारे कॉल) ओळीने उभे असतात, जुन्या प्रोजेक्टमधून उचललेले, आणि यातला अमुक का लावला असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. दोष मुलांचा नाही. ही माहिती मॅन पेजवर (सिस्टिमच्या मदत-पानांवर) आहे, पण तिथे ऑप्शन काय करतो एवढंच लिहिलेलं असतं. तो नसला तर काय बिघडतं, हे अनुभवानेच कळतं. तेवढं इथे सांगायचा प्रयत्न आहे. मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेले प्रश्न घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः लिनक्सला धरून आहेत, दुसरीकडे वेगळं वागतं तिथे तसं म्हटलं आहे. ऑप्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन मोठ्या अक्षरांत सापडतील.

सॉकेट ऑप्शन म्हणजे नेमकं काय?

सॉकेटचं एक टोक तुमच्या प्रोग्रॅमच्या हातात असतं, दुसरं कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या. लिहिलेला डेटा लगेच पाठवायचा की थोडा थांबून, किती साठवून ठेवायचा, समोरचा गप्प झाला तर किती वेळ वाट बघायची, हे सगळं कर्नल आपल्या मनाने ठरवतो. त्यातला एखादा निर्णय बदलून घ्यायचा असेल तर ऑप्शन लावायचा. १९८३ साली बर्कलीहून बीएसडी युनिक्सची ४.२ आवृत्ती बाहेर पडली, तिच्यात सॉकेटबरोबर सेटसॉकऑप्ट आणि गेटसॉकऑप्ट ही जोडी आली. आज लिनक्स, मॅकओएस, विंडोज सगळीकडे तीच चालते.

सेटसॉकऑप्टला पाच गोष्टी द्याव्या लागतात: सॉकेट, स्तर, ऑप्शनचं नाव, किमतीचा पत्ता आणि त्या किमतीची लांबी. चालू करायचं तर १, बंद करायचं तर ०. जमलं तर ० परत येतो, नाही तर उणे १.

‘स्तर’ कशाला लागतो? मी प्रत्येक वेळी एसओएल_सॉकेटच देतो.

ही सवय मोडा. ऑप्शन कोणत्या थराने ऐकायचा, ते स्तर सांगतो. एसओ_ने सुरू होणारे ऑप्शन एसओएल_सॉकेटवर, टीसीपी_ने सुरू होणारे आयपीप्रोटो_टीसीपीवर, आयपी_वाले आयपीप्रोटो_आयपीवर.

चुकलं तर एरर येईलच, या भरवशावर राहू नका. ऑप्शनचं नाव म्हणजे आतून नुसता एक आकडा असतो आणि प्रत्येक थराचे आकडे स्वतंत्र असतात. लिनक्सवर टीसीपी_नोडिलेचा आकडा १ आहे. सॉकेट थरावर १ म्हणजे एसओ_डिबग. म्हणजे चुकीच्या स्तरावर नोडिले लावलंत तर तुम्ही मागताय डिबग. साध्या युजरला निदान ‘परवानगी नाही’ असं उत्तर येतं. रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून चालवलंत तर कॉल यशस्वी होतो, नोडिले लागतच नाही आणि तुम्ही समजता की लागलं. म्हणून परत आलेली किंमत तपासा, प्रत्येक वेळी.

सर्व्हर बंद करून लगेच चालू केला की ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ येतं. प्रोसेस तर मेलेली आहे, मग पोर्ट कोण अडवतंय?

टाइम-वेट. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला भेटणारा एरर आहे हा: लिनक्सवर ९८, मॅकवर ४८, विंडोजवर १००४८.

टीसीपीत, म्हणजे पोच घेत डेटा खात्रीने पोचवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये, जो आधी कनेक्शन बंद करतो, त्याच्याकडे ते कनेक्शन काही काळ टाइम-वेट अवस्थेत राहतं. त्याला दोन कारणं आहेत. निरोपाची शेवटची पोच वाटेत हरवली तर समोरचा आपला निरोप पुन्हा पाठवणार, तेव्हा उत्तर द्यायला कुणीतरी हवं. आणि नेटवर्कमध्ये कुठेतरी रेंगाळलेलं जुनं पॅकेट, त्याच पत्त्यांवर आणि त्याच पोर्टांवर उघडलेल्या नव्या कनेक्शनमध्ये घुसायला नको. १९८१ च्या टीसीपी मानकात एका पॅकेटचं जास्तीत जास्त आयुष्य २ मिनिटं धरलं होतं आणि वाट त्याच्या दुप्पट, म्हणजे ४ मिनिटं बघायची होती. लिनक्स ६० सेकंद थांबतो.

तुम्ही सर्व्हर मारलात म्हणजे बंद करण्याची सुरुवात सर्व्हरने केली, त्यामुळे ती कनेक्शनं सर्व्हरच्याच पोर्टवर टाइम-वेटमध्ये बसली. नव्या प्रोसेसने तोच पोर्ट बाइंड करायला (स्वतःच्या नावावर लावायला) घेतला की कर्नल अडवतो. एसओ_रियूजॲडर लावलं की कर्नल ऐकतो. मात्र ते बाइंडच्या आधी लावायचं. नंतर लावलं तर एरर येत नाही आणि उपयोगही होत नाही.

टीसीपी सर्व्हरला युनिक्स-लिनक्सवर हा ऑप्शन लावावाच, असं माझं स्पष्ट मत आहे. यात धोका नाही, कारण त्याच पोर्टवर खरोखर ऐकत बसलेला दुसरा सर्व्हर असेल तर लिनक्स तरीही नकारच देतो.

विंडोजवरही तेच लावू का?

नका लावू. नाव तेच असलं तरी अर्थ निराळा आहे. विंडोजवर एसओ_रियूजॲडर लावलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या चालू पोर्टवर जाऊन बसू शकतो, आणि मग येणारं कनेक्शन कुणाकडे जाईल याची खात्री राहत नाही. तिथे सर्व्हरला एसओ_एक्सक्लुझिव्हॲडरयूज लावतात. माझा पोर्ट दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, असा त्याचा अर्थ. दोन्ही प्लॅटफॉर्मवर चालणारा कोड असेल तर इथे फाटा फोडावाच लागतो.

रियूजॲडर बाइंडच्या आधी लावलंय, तरी तोच एरर येतोय.

मग पोर्टवर खरंच कुणीतरी ऐकतंय, आणि बहुतेक वेळा ते तुमचंच पोर असतं. सर्व्हरने मधे एखादी दुसरी कमांड चालवलेली असते, लॉग फिरवायला किंवा फोटो लहान करायला. ती चाइल्ड प्रोसेस जन्मताना आईबापाचे सगळे उघडे फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल-सॉकेटचे क्रमांक) घेऊन येते, त्यात ऐकणारा सॉकेटही आला. सर्व्हर मेला, चाइल्ड जिवंत राहिली, तर पोर्ट तिच्याजवळ अडकून राहतो.

यावर उपाय सेटसॉकऑप्टमध्ये नाही. सॉकेट तयार करतानाच प्रकाराबरोबर सॉक_क्लोएक्झेक हा फ्लॅग द्या, म्हणजे चाइल्डने दुसरा प्रोग्रॅम सुरू केला की तिच्याकडची प्रत आपोआप बंद होते. लिनक्सवर हा फ्लॅग २.६.२७ पासून आहे. पायथनने ३.४ पासून हे स्वतःहूनच करायला सुरुवात केली, त्यामुळे तिकडच्या लोकांना हा त्रास कमी होतो.

एसओ_रियूजपोर्ट हे त्याचंच मोठं भावंड का?

नाही, काम वेगळं आहे. एकाच पोर्टवर अनेक प्रोसेसनी एकाच वेळी ऐकायचं असेल तर हे. लिनक्समध्ये २०१३ साली ३.९ आवृत्तीत आलं. येणारी कनेक्शनं पत्ते आणि पोर्ट यांच्या हॅशवरून कर्नल वाटून देतो, त्यामुळे एकाच ॲक्सेप्टच्या (आलेलं कनेक्शन स्वीकारणाऱ्या कॉलच्या) दारात सगळ्यांची झुंबड उडत नाही. पहिल्यासकट प्रत्येक सॉकेटवर ते बाइंडच्या आधी लावलेलं असलं पाहिजे आणि सगळ्या प्रोसेस एकाच युजरच्या असल्या पाहिजेत, म्हणजे भलताच कुणी येऊन तुमच्या कनेक्शनांत वाटा मागू शकत नाही.

एक खाचखळगा: प्रत्येक ऐकणाऱ्या सॉकेटची रांग स्वतंत्र असते. एक प्रोसेस बंद केलीत तर तिच्या रांगेत उभी असलेली, अजून ॲक्सेप्ट न झालेली कनेक्शनं तुटू शकतात. तेव्हा ‘रियूजपोर्ट लावलंय, आता एकेक प्रोसेस बदलली तरी ग्राहकाला कळणार नाही’ असं गृहीत धरू नका. आणि मॅकओएसवर हाच ऑप्शन असा वाटप करत नाही; फ्रीबीएसडीने वाटपासाठी एसओ_रियूजपोर्ट_एलबी हे वेगळं नाव ठेवलं आहे.

टीसीपी_नोडिले लावलं की सर्व्हर फास्ट होतो, हे खरं आहे का?

काही वेळा थक्क व्हावं इतका फरक पडतो, काही वेळा शून्य. केव्हा काय, हे कळायला नेगल यांचा अल्गोरिदम समजून घ्यावा लागतो. हा भाग मी सविस्तर लिहितोय, कारण इथे जेवढे तास वाया गेलेले मी पाहिलेत तेवढे दुसरीकडे कुठे नाही.

जॉन नेगल फोर्ड एरोस्पेसमध्ये होते. लोक टर्मिनलवर टाइप करायचे आणि प्रत्येक अक्षराचं एक पॅकेट निघायचं. १ बाइट अक्षर, ४० बाइट हेडर. हा ४००० टक्के वरखर्च संथ लाइनवर सगळ्यांची वाट अडवायचा. जानेवारी १९८४ मध्ये आरएफसी ८९६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातून त्यांनी साधा नियम सुचवला: आधी पाठवलेल्या डेटाची पोच अजून यायची असेल तर नवा चिमुकला तुकडा रोखून धरायचा, पोच आली किंवा पॅकेट भरण्याइतका डेटा जमला की सोडायचा.

नियम चांगलाच आहे. टीसीपी_नोडिले हाच नियम बंद करतं. घोळ होतो तो समोरच्या बाजूच्या दुसऱ्या एका चांगल्या नियमामुळे, म्हणजे डिलेड ॲकमुळे. डेटा मिळाला की रिकामी पोच लगेच पाठवायची नाही. थोडं थांबायचं, उत्तर जाणारच असेल तर पोच त्यावर बसवून द्यायची. आता तुमच्या प्रोग्रॅमने विनंतीचा हेडर एका राइटने पाठवला आणि मजकूर दुसऱ्या राइटने. हेडर लगेच गेला. मजकूर लहान, हेडरची पोच यायची बाकी, म्हणून नेगलने तो रोखला. समोरच्याला अर्धीच विनंती मिळाली, त्यामुळे तो उत्तर देऊ शकत नाही, आणि उत्तर नाही म्हणून पोचही रोखून बसलाय. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, समोरच्याचा टायमर संपेपर्यंत. लिनक्सवर तो साधारण ४० मिलिसेकंदांचा असतो, विंडोजवर बराच काळ २०० चा असायचा.

एकदा आमच्याकडे एक सेवा सेकंदाला २५ च विनंत्या घेत होती. २४ नाही, २६ नाही. दोन्ही मशीन एकाच रॅकमध्ये, पिंग एक मिलिसेकंदाच्या आत, सीपीयू रिकामा. डेटाबेसवर संशय घेऊन दोन दिवस गेले. मग पॅकेट कॅप्चर उघडलं. हेडरचं पॅकेट निघालं, त्यानंतर ४० मिलिसेकंद काहीही नाही, मग समोरून रिकामी पोच, आणि तिच्या मागोमाग मजकूर. प्रत्येक विनंतीत तेच. ४० मिलिसेकंदांची एक विनंती, म्हणजे एका सेकंदात २५. आकडा इतका घट्ट आणि गोल असला की डेटाबेस बाजूला ठेवून आधी टायमर शोधायचा, हे मी त्या दिवशी शिकलो.

मग नोडिले लावून मोकळं व्हायचं ना?

लावा, पण आधी कोड बघा. खरा उपाय म्हणजे हेडर आणि मजकूर एकाच राइटमध्ये पाठवणं, किंवा राइटव्ही वापरून दोन बफर एका कॉलमध्ये देणं. तसं न करता नुसतं नोडिले लावलंत तर अडकणं थांबेल, पण एका विनंतीची दोन-तीन लहान पॅकेटं निघत राहतील. बफर भरून एकदम लिहिणारा कोड आणि त्यावर नोडिले, ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते. विनंती-उत्तर पद्धतीच्या सर्व्हरला ती डोळे मिटून वापरावी. गो भाषा नोडिले मुळातच चालू ठेवते, पायथनची असिंकआयओ ३.६ पासून तेच करते.

मोठी फाइल सलग पाठवत असाल तर फरक पडणार नाही, कारण पॅकेटं भरलेलीच निघतात.

टीसीपी_कॉर्क काय आहे?

नोडिलेच्या उलट. बूच लावा, हवं तेवढं लिहा, बूच काढा. तोवर अर्धवट पॅकेट बाहेर पडत नाही. हेडर लिहून पाठोपाठ सेंडफाइलने फाइल पाठवायची असेल तेव्हा उपयोगी. बूच काढायला विसरलात तर लिनक्स २०० मिलिसेकंदांनी स्वतःच सोडून देतो. फक्त लिनक्सवर आहे. बीएसडीवर त्याच्या जवळचं टीसीपी_नोपुश.

एसओ_कीपअलाइव्ह लावलंय, तरी मेलेलं कनेक्शन तासन्‌तास जिवंत कसं दिसतं?

कारण समोरचा जिवंत आहे का ही विचारणा तुम्ही चालू केलीत, वेळ सांगितली नाही. लिनक्सचे मूळ आकडे असे: ७२०० सेकंद शांतता गेली की पहिली विचारणा, मग दर ७५ सेकंदांनी एक, अशा ९ निष्फळ ठरल्या की कनेक्शन मेलं. हिशोब केला तर २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. हे आकडे उगाच मोठे नाहीत. १९८९ च्या आरएफसी ११२२ नेच सांगितलंय की कीपअलाइव्ह मुळात बंद असावा आणि मूळ अंतर दोन तासांपेक्षा कमी नसावं, कारण तेव्हा नेटवर्कवर फुकटची पॅकेटं टाकणं महाग होतं.

आज मधे फायरवॉल, नॅट (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणारा) आणि लोड बॅलन्सर बसलेले असतात आणि त्यांची स्मरणशक्ती दोन तासांची नसते. ॲमेझॉनच्या क्लाउडवरचा नॅट गेटवे ३५० सेकंद शांत राहिलेलं कनेक्शन विसरतो. म्हणून प्रत्येक सॉकेटवर टीसीपी_कीपआयडल, टीसीपी_कीपइंटव्हल आणि टीसीपी_कीपसीएनटी हे तिन्ही स्वतः ठरवा. सर्व्हर-सर्व्हरमध्ये मी ६० सेकंद, १० सेकंद आणि ५ वेळा असे ठेवतो. मॅकओएसवर पहिल्याचं नाव टीसीपी_कीपअलाइव्ह आहे, कोड हलवताना तिथे अडखळायला होतं.

मोबाइल ॲपमध्ये मात्र हे आकडे इतके खाली आणू नका. प्रत्येक विचारणेला फोनचा रेडिओ झोपेतून उठतो आणि बॅटरी जाते.

कीपअलाइव्हचे आकडे कमी केले. आता समोरचा मेला तर दोन मिनिटांत कळेलच ना?

कनेक्शन रिकामं बसलेलं असेल तर, हो. तुम्ही त्यावर काही लिहिलेलं असेल आणि त्याची पोच आली नसेल, तर नाही. हा फरक मला फार उशिरा कळला, त्यामुळे इथे जरा थांबतो.

एका ऑफिसात रोज सकाळी तीच तक्रार असायची: पहिल्यांदा जो कुणी स्क्रीन उघडेल, त्याची स्क्रीन पंधरा मिनिटं लटकायची, मग एरर यायचा, आणि त्यानंतर दिवसभर सगळं सुरळीत. रोज सव्वानऊला येणाऱ्या बाईंनी शेवटी सवयच करून घेतली होती: आल्या की स्क्रीन उघडून ठेवायच्या आणि चहाला जायच्या. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यामधल्या फायरवॉलने रात्रभर शांत असलेली कनेक्शनं विसरून टाकलेली असायची आणि दोन्ही बाजूंना काहीच कळवलेलं नसायचं. पूलमधलं (पुन्हा वापरायला उघड्या ठेवलेल्या साठ्यातलं) कनेक्शन ॲप्लिकेशनच्या लेखी ठणठणीत होतं. सकाळी त्यावर क्वेरी लिहिली जायची, फायरवॉल ती गपचूप टाकून द्यायचा, आणि कर्नल तीच क्वेरी पुन्हा पुन्हा पाठवत राहायचा, दर वेळी अंतर वाढवत.

इथे कीपअलाइव्ह बोलतच नाही, कारण पोच न आलेला डेटा बाहेर असताना सूत्रं पुनर्प्रेषणाच्या टायमरकडे जातात. लिनक्सवर टीसीपी_रिट्राइज२ या कर्नल-सेटिंगची मूळ किंमत १५ आहे आणि तिचा हिशोब किमान ९२४.६ सेकंदांवर जातो. हीच ती पंधरा मिनिटं.

यासाठी टीसीपी_यूजर_टाइमआउट आहे, लिनक्स २.६.३७ पासून. पाठवलेल्या डेटाची पोच इतक्या वेळात आली नाही तर कनेक्शन तोड, असं ते सांगतं. आकडा मिलिसेकंदांत द्यायचा. ३० सेकंदांसाठी ३००००. कुणी ३० लिहून बसलं तर कनेक्शनं कारण नसताना तुटायला लागतात. कीपअलाइव्हबरोबर वापरलंत तर कनेक्शन केव्हा तोडायचं हे यूजर टाइमआउटच ठरवतं, विचारणांची संख्या मागे पडते. त्या ऑफिसात दोन्ही लावले: कीपअलाइव्हमुळे फायरवॉल विसरायचा थांबला, आणि तरी काही बिघडलंच तर एरर अर्ध्या मिनिटात येऊ लागला.

एसओ_आरसीव्हीबफला (आलेला डेटा साठवायच्या बफरला) ४ एमबी दिले. गेटसॉकऑप्टने ४,२५,९८४ दाखवलं. हा आकडा आला कुठून?

दोन गोष्टी एकत्र झाल्या. नेट.कोअर.आरमेम_मॅक्स ही वरची मर्यादा. बऱ्याच मशीनवर ती २,१२,९९२ बाइट असते. तुमचे ४ एमबी तिथे कापले गेले. मग लिनक्सने ती किंमत दुप्पट केली, कारण पॅकेटांच्या हिशोबवहीलाही जागा लागते. २,१२,९९२ दुणे ४,२५,९८४. या सगळ्यात सेटसॉकऑप्टने ० परत दिला, म्हणजे ‘झालं’. बफरच्या बाबतीत कर्नल नाही म्हणत नाही, जमेल तेवढं देतो. म्हणून लावल्यावर परत वाचून बघायचं.

मग टीसीपीसाठी बफर किती ठेवू?

बहुतेकांसाठी उत्तर: हातच लावू नका. लिनक्स टीसीपीचा बफर गरजेप्रमाणे स्वतः वाढवतो. तुम्ही एसओ_आरसीव्हीबफ लावलंत की त्या सॉकेटपुरतं हे वाढवणं कायमचं थांबतं. मूळ व्यवस्थेत तो कित्येक एमबीपर्यंत जाऊ शकला असता, आणि ‘ट्यूनिंग’ म्हणून लावलेल्या आकड्याने तो चार लाख बाइटांवर खिळून बसला, असं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय.

हिशोब तरी माहीत असावा. वाटेत एका वेळी किती डेटा मावतो, ते म्हणजे वेग गुणिले जाऊन-येऊन लागणारा वेळ. मुंबईतून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाऊन-येऊन साधारण २०० मिलिसेकंद धरा. १०० मेगाबिटची लाइन असेल तर २.५ एमबी डेटा वाटेत असायला हवा. बफर ६४ केबीच असेल तर एका फेरीत ६४ केबी, सेकंदाला पाच फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ३२० केबी. जेमतेम अडीच मेगाबिट. लाइन १०० ची असो की १००० ची, वेग तिथेच अडकतो. लांबच्या सर्व्हरवर बॅकअप रेंगाळतोय आणि त्याच इमारतीतला झपाट्याने होतोय, असं असेल तर आधी हे तपासा.

लावायचंच ठरलं तर कनेक्टच्या किंवा लिसनच्या आधी लावा. विंडो किती पटीने मोठी करायची हे टीसीपी पहिल्या हस्तांदोलनातच ठरवून टाकतो.

यूडीपीचं (पोच न घेणाऱ्या प्रोटोकॉलचं) वेगळं आहे. तिथे आपोआप वाढ होत नाही आणि बफर भरला की येणारी पॅकेटं सरळ फेकली जातात. एकदम लोंढा येत असेल तर आरमेम_मॅक्स वाढवून मोठा बफर मागणं योग्यच.

एसओ_लिंगर चालू करून वेळ ० दिली की टाइम-वेट जातो, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. करू का?

नको. जातो हे खरं, पण कशामुळे ते बघा: क्लोज करताच कर्नल न पाठवलेला डेटा फेकून देतो आणि समोरच्याला आरएसटी (कनेक्शन तडकाफडकी तोडणारं पॅकेट) धाडतो. समोरच्याने तुमचं शेवटचं उत्तर अजून वाचलेलं नसेल तर त्याच्या हाती ‘कनेक्शन रिसेट’ पडतं. टाइम-वेट ज्या गोंधळापासून वाचवायला बसलेला असतो, तोच गोंधळ तुम्ही ओढवून घेता. सर्व्हरवर हजारो टाइम-वेट दिसले म्हणजे काही तुंबलंय असं नाही. त्यांना मेमरी फार लागत नाही. खरंच पोर्ट संपत असतील तर दर विनंतीला नवं कनेक्शन उघडण्याची पद्धत बदला.

जे जिवंत ठेवण्यात अर्थच नाही, असं त्रासदायक कनेक्शन जाणूनबुजून तोडायचं असेल, तेवढ्यापुरता लिंगर ० योग्य आहे. शेवटचा बाइट पोचल्याची खात्री हवी असेल तर शटडाउनने लिहिण्याची बाजू बंद करा, समोरचा बंद करेपर्यंत वाचत राहा, मग क्लोज.

एसओ_आरसीव्हीटाइमओ ३० सेकंद लावलं. एक क्लायंट तरी तासभर अडवून बसला.

ती वेळ एका रिसीव्ह कॉलची असते, अख्ख्या विनंतीची नाही. दर २९ सेकंदांनी एक बाइट पाठवणारा क्लायंट कधीच पकडला जाणार नाही. एकूण मुदत हवी असेल तर घड्याळ तुमच्या कोडमध्ये ठेवा.

वेळ संपल्यावर एरर ‘टाइमआउट’ नावाचा येत नाही, ईअगेन (‘पुन्हा प्रयत्न करा’) येतो. युनिक्सवर किंमत टाइमव्हॅल स्ट्रक्चरने देतात, विंडोजवर मिलिसेकंदांच्या पूर्णांकाने.

ऐकणाऱ्या सॉकेटवर लावलेले ऑप्शन ॲक्सेप्ट झालेल्याला मिळतात का?

लिनक्सवर नोडिले, कीपअलाइव्ह, बफर हे उतरतात. नॉनब्लॉकिंग उतरत नाही, बीएसडीवर मात्र तेही उतरतं. लक्षात ठेवण्यापेक्षा ॲक्सेप्टनंतर पुन्हा लावणं सोपं. बफर तेवढे आधी, ऐकणाऱ्यावरच.

क्लायंटने ब्राउझर बंद केला की माझा सी मधला सर्व्हर काही न बोलता मरतो.

सिगपाइप. समोरून तुटलेल्या कनेक्शनवर लिहिलं की कर्नल हा सिग्नल देतो आणि त्याची मूळ कृती प्रोसेस संपवणं ही आहे. लॉगमध्ये एक ओळही राहत नाही. सेंडला एमएसजी_नोसिग्नल फ्लॅग द्या, म्हणजे सिग्नलऐवजी साधा एरर येतो. मॅकवर एसओ_नोसिगपाइप हा ऑप्शनही आहे.

आयपीव्ही६ वर बाइंड केलं की आयपीव्ही४ ची कनेक्शनंही येतात का?

आयपीव्ही६_व्ही६ओन्लीवर अवलंबून. लिनक्सवर मूळ किंमत ०, म्हणजे येतात. विंडोजवर १, म्हणजे येत नाहीत. ओपनबीएसडीवर कधीच येत नाहीत. हवं ते बाइंडच्या आधी स्पष्ट लिहा.

यूडीपी ब्रॉडकास्ट पाठवताना ‘परमिशन डिनाइड’ येतं. रूट लागेल का?

नाही. एसओ_ब्रॉडकास्ट लावा, बस. चुकून अख्ख्या नेटवर्कवर ओरडायला नको म्हणून ते मुळात बंद ठेवलंय. मल्टिकास्ट पहिल्या राउटरपलीकडे जात नसेल तर आयपी_मल्टिकास्ट_टीटीएल बघा, मूळ किंमत १ असते.

ऑप्शन खरंच लागलाय का, हे चालू सर्व्हरवर कसं बघू?

कोडमध्ये गेटसॉकऑप्ट आहेच. बाहेरून बघायचं तर एसएस ही सॉकेटांची यादी दाखवणारी कमांड टायमरच्या पर्यायासकट चालवा. कीपअलाइव्ह चालू असलेल्या प्रत्येक कनेक्शनपुढे टायमर आणि उरलेला वेळ दिसतो. तिथे ११९ मिनिटं असं काही दिसलं तर कीपअलाइव्ह चालू आहे, पण तुमचे ६० सेकंद लागलेले नाहीत. टायमरच दिसला नाही तर कीपअलाइव्हच लागलेला नाही. मेमरीच्या पर्यायाने बफरचे खरे आकडे दिसतात.

लायब्ररी आतून काय करते याची शंका असेल तर प्रोग्रॅम एसट्रेस या कर्नलकडे जाणारे कॉल टिपणाऱ्या साधनाखाली चालवा आणि फक्त सेटसॉकऑप्टचे कॉल गाळून घ्या. कोणता स्तर, कोणतं नाव, काय किंमत, काय परत आलं, सगळं ओळीने येतं. बाइंडचा कॉलही सोबत मागा, म्हणजे रियूजॲडरची ओळ त्याच्या वर पडली की खाली, ते नजरेनेच दिसतं.